पंधरा कोसांवरचे दोन विमानतळ

धाराशिव आणि लातूर हे मराठवाड्यातील शेजारी जिल्हे. दोघांनाही स्वतःचा विमानतळ आहे. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ४७ किलोमीटर आहे. जुन्या मोजमापात पंधरा कोसही पुरते भरत नाहीत. रस्त्याने हेच अंतर साधारण ५५ ते ६० किलोमीटर पडते. अंतरांच्या तक्त्यांत या दोन आकड्यांशेजारी बहुतेक वेळा तिसरा आकडाही छापलेला आढळतो, तो म्हणजे विमानाने लागणारा वेळ. काही मिनिटांचा हा प्रवास कागदावर मोठा मोहक दिसतो. प्रत्यक्षात या दोन ठिकाणांदरम्यान प्रवासी विमान ये-जा करीत नाही आणि ते करावे असे सयुक्तिक कारणही नाही.

तरीही हे अंतर समजून घेणे उपयोगाचे आहे. ‘आमच्या जिल्ह्यात विमान केव्हा येणार?’ हा प्रश्न धाराशिवमध्ये अनेक वर्षे विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर बरेचसे याच आकड्यांत दडलेले आहे. कोणता विमानतळ कोणाच्या किती जवळ आहे, हे किलोमीटरमध्ये सांगायचे की तासांमध्ये, यावर सार्वजनिक पैसा कोठे खर्च व्हावा याचा निर्णय अवलंबून राहतो. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट असलेल्या जिल्ह्यासाठी हा निर्णय क्षुल्लक नाही.

एका जिल्ह्याचे दोन

आज हे दोन जिल्ह्यांचे दोन विमानतळ असले, तरी १९८२ पर्यंत ही सर्व भूमी एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होती. त्या वर्षी लातूर वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला नवे जिल्हाधिकारी कार्यालय, नवे न्यायालय, नवे रुग्णालय मिळाले. पुढे धावपट्टीही आली. जिल्ह्याच्या मुख्यालयी मंत्री आणि अधिकारी यांच्या छोट्या विमानांना उतरता यावे, एवढाच अशा धावपट्ट्यांचा आरंभीचा हेतू असे. लातूरची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९१ मध्ये बांधली. धाराशिवची धावपट्टीही याच खात्याची निर्मिती. पुढे दोन्ही विमानतळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेले.

२००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती असे पाच विमानतळ रिलायन्स समूहातील कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने चालवावयास देण्यात आले. खासगी गुंतवणुकीतून ते गजबजतील, ही त्यामागची अपेक्षा होती. ती फळाला आली नाही. पुढे राज्य शासनाने हे विमानतळ परत घेण्याची भूमिका घेतली. या साऱ्या प्रवासात धाराशिव आणि लातूर या दोन्ही ठिकाणी नियमित प्रवासी विमानसेवा रुजली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

नावाविषयी येथेच एक खुलासा केलेला बरा. २०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. विमानतळाचे आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी संकेतचिन्ह मात्र जुन्या नावावरूनच ‘ओएमएन’ असे आहे. त्यात विशेष काही नाही. मुंबईच्या तिकिटावर आजही ‘बीओएम’ आणि चेन्नईच्या तिकिटावर ‘एमएए’ हीच अक्षरे छापली जातात. जुन्या अंतर-तक्त्यांत धाराशिव शोधणाऱ्या वाचकाने उस्मानाबादही पाहावे, एवढाच याचा व्यावहारिक अर्थ.

अंतर मोजण्याची रीत

दोन विमानतळांमधील हवाई अंतर शहराच्या मध्यापासून मोजत नाहीत. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू निश्चित केलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून या दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड रेषा म्हणजे हवाई अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क अशा लांबच्या प्रवासात पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब अटळ ठरतो. पन्नास किलोमीटरच्या आत मात्र शाळेतील पायथागोरसचा सिद्धांतही पुरेसा आहे.

हे गणित वाचकांना घरी करून पाहता येईल. धाराशिव विमानतळ सुमारे १८ अंश १६ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७६ अंश ३ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. लातूर विमानतळ सुमारे १८ अंश २५ मिनिटे उत्तर आणि ७६ अंश २८ मिनिटे पूर्व येथे आहे. म्हणजे अक्षांशात ९ मिनिटांचा आणि रेखांशात २५ मिनिटांचा फरक. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झाले साडेसोळा किलोमीटरच्या किंचित पुढे. रेखांशाचे मिनिट विषुववृत्तावर तेवढेच भरते, पण ध्रुवाकडे जाताना आक्रसत जाते. आपल्या अक्षांशावर ते सुमारे १.७६ किलोमीटर आहे. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ४४ किलोमीटर. या दोन भुजांचा कर्ण काढला की ४७ किलोमीटर हाती येतात. वैमानिकांच्या भाषेत सागरी मैल चालतो. तो १.८५२ किलोमीटरचा असल्याने त्यांच्या हिशेबाने हे अंतर २५ सागरी मैलांचे झाले.

त्याच रीतीने शेजारच्या विमानतळांची अंतरेही काढता येतात. धाराशिवहून सोलापूरचा होटगी रस्त्यावरील विमानतळ सरळ रेषेत सुमारे ७२ किलोमीटर, नांदेड १६५ किलोमीटरच्या थोडे पुढे, पुण्याचे लोहगाव सव्वादोनशेच्या घरात, हैदराबादचे शमशाबाद पावणेतीनशेच्या आसपास आणि मुंबई साडेतीनशेच्या किंचित आत. लातूरहून नांदेड सुमारे १२५, तर सोलापूर सुमारे १०० किलोमीटर.

रस्त्याची गोष्ट वेगळी

रस्ता गावांना भेटत जातो. धाराशिव शहरातून लातूरला जाणारा नेहमीचा मार्ग ढोकी आणि मुरूडवरून जातो. शहर ते शहर हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे, तर सरळ रेषेत ते ६० किलोमीटर भरते. सरळ रेषेतील प्रत्येक चार किलोमीटरमागे रस्त्याने एक किलोमीटर अधिक जावे लागते. मराठवाड्याच्या पठारी प्रदेशात हे प्रमाण सर्वसाधारण समजावे. कोकणात ते याहून पुष्कळ वाढते.

विमानतळ ते विमानतळ हे अंतर शहरांमधील अंतरापेक्षा कमी येते, याचे अनेकांना नवल वाटते. कारण सोपे आहे. धाराशिवचा विमानतळ शहराच्या उत्तरेला नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि लातूरचा विमानतळ शहराच्या वायव्येला, चिंचोलीराववाडीजवळ, सुमारे बारा किलोमीटरवर आहे. लातूरचा विमानतळ तर मुरूडकडून येणाऱ्या प्रवाशाला शहराच्या अलीकडेच लागतो. दोन्ही धावपट्ट्या जणू एकमेकींकडे तोंड करून गावाबाहेर आल्या आहेत. या प्रवासाला मोटारीने सवा तास धरावा. उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांमागून मोटार काढण्यात आणखी वेळ जातो, तो कोणत्याच तक्त्यात धरलेला नसतो.

दोन विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढली, तर ती एका फार जुन्या गावाच्या अगदी जवळून जाते. ते गाव तेर. संत गोरोबाकाकांचे म्हणून ते वारकऱ्यांना ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ‘तगर’ या नावाने परिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. दिशेत थोडी चूक आहे, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला येते. पण अंतर तपासून पाहण्यासारखे आहे. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर भरते. दहा दिवसांना विभागले तर रोजचे पंधरा. भडोच ते पैठण साडेतीनशेच्या घरात; वीस दिवसांना विभागले तर रोजचे साडेसतरा. सामानाने लादलेल्या गाड्यांचा वेग दोन्ही टप्प्यांत असा जुळावा, हे त्या अनामिक लेखकाच्या नोंदीविषयी विश्वास वाढवणारे आहे. त्याने अंतर दिवसांत सांगितले, कारण व्यापाऱ्याला तेच हवे होते. धाराशिवच्या आजच्या प्रवाशालाही याच स्वरूपाचे उत्तर हवे आहे, फक्त दिवसांऐवजी तासांत.

आगगाडीचा वळसा

याच प्रदेशात आगगाडीने सरळ रेषेचा मोह एकदा सोडला होता, त्याची आठवण येथे उपयुक्त ठरावी. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. ती येडशी आणि ढोकीवरून जात असे. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले उस्मानाबाद शहर मात्र लोहमार्गापासून दूरच राहिले, ते जवळजवळ शंभर वर्षे. रुंदीकरण करताना मार्ग वळवून शहराला जोडण्यात आले आणि २००७-०८ मध्ये शहरात रुंदमापी गाडी आली. या वळशाने मार्ग लांबला. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. शहराला मुंबईची रात्रीची गाडी मिळाली, आणि संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत काम गाठता येऊ लागले. धाराशिवमध्ये विमानाची स्पर्धा आहे ती या रात्रीच्या गाडीशी.

विमानाच्या दृष्टीने सत्तेचाळीस किलोमीटर

प्रादेशिक मार्गांवर सर्रास वापरले जाणारे एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान स्थिर उड्डाणात ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ४७ किलोमीटर पार करण्यास सहा मिनिटेही लागत नाहीत. तक्त्यांतील मोहक आकडा येतो तो येथून. पण विमान त्या वेगाला आणि त्या उंचीला पोहोचेपर्यंतच हे अंतर संपलेले असते.

उतरण्याचा हिशेब पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. प्रत्येक हजार फूट उंची कमी करण्यासाठी साधारण तीन सागरी मैल अंतर ठेवावे, असा वैमानिकांचा ढोबळ नियम आहे. मुंबईहून लातूरला येणारे विमान जमिनीपासून पंधरा हजार फुटांवर असेल, तर त्याला सुमारे ४५ सागरी मैल, म्हणजे ८० किलोमीटरहून थोडे अधिक अंतर राहिले असतानाच उतरणीला लागावे लागेल. नकाशावर हे ठिकाण बार्शीच्या आसपास येते. पुढे धाराशिवच्या धावपट्टीवरून जाताना ते जमिनीपासून जेमतेम आठ हजार फुटांवर असेल. थोडक्यात, विमानाच्या लेखी धाराशिव आणि लातूर ही एकाच उतरणीच्या वाटेवरची दोन ठिकाणे आहेत.

खर्चाचे गणितही लहान उड्डाणाच्या विरोधात जाते. उड्डाण आणि चढण या टप्प्यांत इंधन सर्वाधिक जळते. विमानाची चाके, ब्रेक आणि दाब सहन करणारा सांगाडा यांचे आयुष्य तासांइतकेच उड्डाणांच्या संख्येवरही मोजले जाते. सहा मिनिटांच्या उड्डाणालाही एक पूर्ण फेरी खर्ची पडते. जगात याहून लहान नियमित उड्डाणे नाहीत असे नव्हे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरचे उड्डाण १९६७ पासून चालू आहे आणि वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे दिलेली आहेत. पण त्या दोन बेटांच्या मध्ये खवळलेला समुद्र आहे. येथे मध्ये तेरणेचे खोरे आहे, त्यावर पूल आहेत आणि एसटी आहे.

मे महिन्यातील दुपार

विमानसेवेच्या चर्चेत अंतराइतकीच महत्त्वाची, पण क्वचित बोलली जाणारी बाब म्हणजे धावपट्टीची लांबी आणि हवेची घनता. धाराशिवची धावपट्टी लातूरच्या मानाने बरीच तोकडी आहे. लहान प्रशिक्षण विमानांना ती पुरते. पन्नास-सत्तर प्रवाशांच्या विमानाला पुरेलच असे नाही. त्यात बालाघाटच्या पठारावरचा हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे.

उंचावर हवा विरळ होते, आणि तापल्यावर ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि विमानाला जमीन सोडण्यासाठी अधिक धावावे लागते. या परिणामाचे मोजमाप ‘घनता-उंची’ या कल्पनेने करतात: दिलेल्या क्षणी विमानाला आपण किती उंचीवर आहोत असे ‘वाटते’, ते हे माप सांगते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीच्या धावपट्टीवर पारा ४१ अंशांवर गेला, तर ही घनता-उंची सतराशे मीटरच्या आसपास येते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे मे महिन्यातील दुपारी या पठारावरून उडणाऱ्या विमानाची अवस्था कळसूबाईच्या माथ्यावरून थंड दिवसात उडणाऱ्या विमानासारखी होते! अशा वेळी कंपनीपुढे दोनच पर्याय राहतात. काही आसने रिकामी ठेवून वजन कमी करायचे किंवा उड्डाण सकाळी लवकर अथवा सायंकाळी ठेवायचे. पहिल्याने तिकीट महागते. दुसऱ्याला सायंकाळसाठी धावपट्टीवर दिवे लागतात.

धावपट्टी वाढवा, ही मागणी मग ओघाने येते. ती अशक्य नाही. परंतु जमीन, कुंपण, अग्निशमन दल, हवामान यंत्रणा आणि सुरक्षा कर्मचारी असा सारा संसार त्यामागे उभा करावा लागतो, आणि विमान दिवसातून एकदा आले काय किंवा चारदा आले काय, त्याचा स्थिर खर्च फारसा बदलत नाही. पंधरा कोसांवर हाच संसार दोनदा मांडण्यात शहाणपण किती, हा प्रश्न या टप्प्यावर टाळता येत नाही.

नियमांतील किलोमीटर

नियमांनीही हवाई अंतराचे माप वापरले आहे. २००८ च्या केंद्रीय धोरणानुसार अस्तित्वात असलेल्या नागरी विमानतळापासून १५० किलोमीटर हवाई अंतराच्या आत नवा विमानतळ उभारायचा झाल्यास त्याचा जुन्यावर होणारा परिणाम तपासला जातो. धाराशिव आणि लातूरच्या धावपट्ट्या या धोरणापूर्वीच्या असल्याने त्यांना ही अट लागली नाही. पण ती लावून पाहिली तर धाराशिवभोवतीच्या १५० किलोमीटरच्या वर्तुळात लातूर आणि सोलापूर हे दोन्ही विमानतळ येतात.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने छोट्या शहरांना मोठी आशा दाखवली. २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेतील पहिल्या उड्डाणांचा प्रारंभ झाला, त्यांत नांदेड-हैदराबाद हे उड्डाण होते. साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये कमाल भाडे, आणि तोट्याची भरपाई शासनाकडून, असे तिचे स्वरूप होते. सुरुवातीच्या नियमांत २०० ते ८०० किलोमीटरचे मार्ग योजनेत धरले होते. डोंगराळ प्रदेश, बेटे व सीमाभाग यांनाच किमान अंतरातून सूट होती. धाराशिवहून पुणे, हैदराबाद, मुंबई हे सारे मार्ग या कक्षेत बसतात. पण नांदेडचा अनुभव सांगतो की उद्घाटन होणे वेगळे आणि सेवा टिकणे वेगळे. तेथील उड्डाणे बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा खंडित झाली. नांदेडला तर हुजूर साहिब गुरुद्वारामुळे देशभरातून येणारा यात्रेकरूंचा हमखास ओघ आहे.

सोलापूरचा धडा

धाराशिव शहराला खऱ्या अर्थाने सर्वांत उपयोगी विमानतळ आज कोणता, असे विचारले तर उत्तर सोलापूर असे द्यावे लागेल. तुळजापूरवरून राष्ट्रीय महामार्ग ५२ ने शहरातून सोलापूर विमानतळापर्यंत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. योगायोग असा की धाराशिव ते लातूर शहर हे अंतरही तेवढेच. विमानतळ होटगी रस्त्यावर, शहराच्या दक्षिण भागात असल्याने धाराशिवकडून येणाऱ्याला सोलापूर ओलांडावे लागते, ही एक अडचण. तरीही रस्ता रुंद आहे आणि तुळजापूरचा घाट सोडला तर वाट सपाट आहे.

सोलापूरलाही हे सहज मिळालेले नाही. धावपट्टीच्या वाटेत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी उभी होती. उतरणाऱ्या विमानाच्या मार्गात धावपट्टीपासून जितके जवळ तितके कमी उंचीचे बांधकाम, असा नियम असतो. त्या चिमणीवरून शहरात आंदोलने झाली, कारखान्याचे सभासद आणि विमानसेवेचे समर्थक आमनेसामने आले, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नूतनीकृत विमानतळाचे उद्घाटन झाले. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. ऊसउत्पादकांच्या दृष्टीने त्या चिमणीची किंमत मोठी होती, हेही नमूद केले पाहिजे. सोलापूरपासून जवळच बोरामणी येथे योजलेला नवा विमानतळ माळढोक अभयारण्याच्या जमिनीच्या प्रश्नात अडकून पडला, म्हणून जुन्या विमानतळावरचा भार वाढला.

धाराशिवच्या प्रवाशाचा मुंबईचा हिशेब मग असा पडतो. सोलापूर विमानतळापर्यंत पावणेदोन तास, तेथे किमान एक तास आधी हजर राहणे, सव्वा तासाच्या आतबाहेर उड्डाण, आणि मुंबईत उतरून बाहेर पडण्यास अर्धा तास: एकूण साडेचार तास. मोटारीने चारशे किलोमीटरला सात ते आठ तास. तीन तासांची ही बचत रुग्णाला, व्यापाऱ्याला, मुलाखतीला निघालेल्या तरुणाला मोलाची आहे. पण सेवा रोजची नसेल किंवा तिची वेळ कामाच्या उलट असेल, तर रात्रीची आगगाडीच वरचढ ठरते. धाराशिवच्याच धावपट्टीवरून विमान मिळाले, तर यात आणखी सव्वा तास वाचेल. तो सव्वा तास किती पैशांत विकत घ्यायचा, एवढाच खरा वाद आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग पूर्ण होईल तेव्हा सोलापूरचा विमानतळ धाराशिवला आणखी जवळ येईल, आणि त्यासाठी धाराशिवमध्ये धावपट्टीचा एक मीटरही वाढवावा लागणार नाही.

संकटकाळासाठी तरी विमानतळ हवा, असे प्रतिपादन केले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारी-सास्तूरचा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांच्या तोंडी ते साहजिकही आहे. मदतसामग्री घेऊन येणाऱ्या विमानांना जवळ धावपट्टी असणे मोलाचे असते. मात्र २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भूम-परंडा भागात पुराने वेढलेल्या लोकांना बाहेर काढले ते होड्यांनी आणि हेलिकॉप्टरांनी. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी दिवे असलेले पक्के हेलिपॅड हा अशा प्रसंगी धावपट्टीच्या लांबीपेक्षा स्वस्त आणि जवळचा उपाय ठरू शकतो.

तालुक्यांचा नकाशा

‘जिल्ह्याचा विमानतळ’ या शब्दप्रयोगातील गफलत तालुके पाहिले की कळते. धाराशिव जिल्हा वायव्येपासून आग्नेयेपर्यंत पसरलेला आहे. तुळजापूरहून धाराशिवची धावपट्टी सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आत आहे आणि सोलापूरची ४५ च्या आत. परंड्याहून धाराशिवची धावपट्टी ६४ किलोमीटर. पण परंड्याचा माणूस कुर्डुवाडी गाठतो आणि तेथून आगगाडीने पुण्याला जातो. त्याला कोणत्याच धावपट्टीचे फारसे सोयरसुतक नाही. कळंबहून धाराशिवची धावपट्टी सुमारे ३३ आणि लातूरची सुमारे ५० किलोमीटर. कळंबची बाजारपेठ आणि शिक्षणाची ओढ मात्र पूर्वीपासून लातूरकडे आहे.

उमरग्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथून धाराशिवची धावपट्टी सरळ रेषेत सुमारे ७६ किलोमीटर, सोलापूरची तेवढीच, आणि लातूरची सुमारे ६५. म्हणजे स्वतःच्या जिल्ह्याच्या विमानतळापेक्षा शेजारच्या जिल्ह्याचा विमानतळ उमरग्याला जवळ आहे. त्यात उमरगा राष्ट्रीय महामार्ग ६५ वर वसलेले असल्याने पश्चिमेला सोलापूर आणि पूर्वेला हैदराबाद अशी सरळ वाट त्याच्या दारातून जाते. धाराशिवला विमान आले तरी उमरग्याचा प्रवासी ते पकडण्यासाठी उत्तरेकडे वळण्याची शक्यता कमीच.